मार्केसच्या कादंबऱ्या आणि तीन हजारांचा आकडा

गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या सर्वोत्तम कादंबऱ्या कोणत्या, हा प्रश्न साहित्याचा वाटतो. मी तो आज इतिहासाच्या बाजूने विचारणार आहे. जे घडलं ते नाकारलं गेलं, तर कादंबरीने काय करावं?

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगत युनायटेड फ्रूट कंपनीचे केळीचे मळे होते. नोव्हेंबर १९२८ मध्ये मजुरांनी संप केला. मागण्या साध्या होत्या: आठवड्याची सुट्टी, अपघाताची भरपाई, आणि कंपनीच्या दुकानातच चालणाऱ्या कूपनांऐवजी रोख मजुरी. कंपनीचं म्हणणं काय? मजूर कंत्राटदारांचे आहेत, आमचे नव्हेतच! ५ डिसेंबरच्या रात्री सिएनागा गावात स्टेशनाजवळ संपकरी जमले होते. मध्यरात्रीनंतर सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जवळच्या अराकाताका गावात मार्केस तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता.

मेले किती? कारवाईचा प्रमुख जनरल कोर्तेस वार्गास याने ४७ मृत्यू मान्य केले. अमेरिकी वकिलातीच्या एका अहवालात कंपनीच्याच प्रतिनिधीच्या हवाल्याने हजाराहून अधिक म्हटलंय. नक्की आकडा आजही हाती नाही.

आता १९६७ ची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ घ्या. तिथे तीन हजारांवर प्रेतं आगगाडीत भरून समुद्राकडे नेली जातात. वाचलेला माणूस गावात परततो, तर लोक म्हणतात, इथे कुणी मेलंच नाही. त्याआधी न्यायालयाने निकाल दिलेला असतो की कंपनीकडे मजूर मुळी अस्तित्वातच नाहीत.

इथे जरा थांबू या. यातलं खरं काय नि रचलेलं काय? वाचकाला निकाल जादूचा वाटतो आणि आकडा वस्तुस्थितीचा. प्रत्यक्षात उलटं आहे. निकालामागे कंपनीचा खराखुरा कायदेशीर बचाव आहे. तीन हजार हा आकडा मात्र लेखकाचा. अख्खी आगगाडी भरायची तर तेवढी प्रेतं हवीत, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं. तरी तोच आकडा इतिहास म्हणून भाषणांत आला.

मग कादंबरी खोटी ठरते का? मला तसं वाटत नाही. ‘किती’ हा प्रश्न दप्तराचा आहे. ‘कसं पुसलं गेलं’ हा कादंबरीचा. दुसऱ्याचं उत्तर ती अचूक देते. पण पहिल्याचं उत्तर आपण तिच्याकडून उसनं घेतलं, तर मृतांवर पुन्हा अन्यायच होतो. ज्याला नाकारायचंय त्याला आपणच आयतं निमित्त देतो: आकडा खोटा, म्हणून घटनाही खोटी.

या कसोटीवर आणखी दोन कादंबऱ्या मी वरच्या रांगेत ठेवीन. ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ (१९८१) ही १९५१ च्या एका खऱ्या खुनावरून सुचली. निवेदक वर्षांनंतर साक्षी गोळा करतो. खून होणार हे जवळजवळ सगळ्यांना ठाऊक होतं, थांबवला कुणीच नाही. ‘द जनरल इन हिज लॅबिरिंथ’ (१९८९) मध्ये सिमोन बोलिव्हार माग्दालेना नदीवरून शेवटचा प्रवास करतो, आजारी नि एकटा. १८३० साली तो सांता मार्ताजवळ वारला. तिथे पुतळ्याचा पुन्हा माणूस होतो.

तेव्हा मार्केस जरूर वाचा, पण शेजारी इतिहासाचं एखादं पुस्तकही उघडं ठेवा. दोन्ही लागतात.