बावन्नाव्या वर्षी दोन शतकं, आणि मॉडेलचं काय करायचं?

बेसबॉलचे ऐतिहासिक सिम्युलेशन गेम खेळणाऱ्यांची एक कायमची तक्रार असते: जुने खेळाडू गेममध्ये भलत्याच वेगाने म्हातारे होतात. आपल्याकडे हा प्रश्न प्रा. दि. ब. देवधरांपाशी येऊन अडतो.

जन्म १४ जानेवारी १८९२, पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक. १९४०-४१ च्या रणजी हंगामात मुंबईविरुद्ध २४६ धावा. १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं, १०५ आणि १४१. तेव्हा वय ५२! वयाचा साधा आलेख वापरणारा गेम (तिशीच्या आत शिखर, मग उतार) या माणसाला चाळिशीतच घरी बसवेल.

मग पहिला मोह होतो तो वय वाढण्याचा वेग सगळ्यांसाठीच कमी करण्याचा. तसं केलं की प्रत्येक जण पन्नाशीपर्यंत खेळतो आणि नव्या पोरांना संघात जागाच उरत नाही. एक माणूस बसवायला अख्खी लीग बिघडवली!

खरी गोम दुसरीकडे आहे. रणजी स्पर्धा १९३४ ला सुरू झाली तेव्हा देवधर ४२ वर्षांचे होते. भारताची पहिली कसोटी १९३२ ची. ते कसोटी कधीच खेळले नाहीत. म्हणजे रणजीच्या तक्त्यात त्यांची सुरुवातच म्हातारपणी दिसते. पण एम.सी.सी.विरुद्धचे १४८ आहेत १९२६ चे, वय ३४. उशीर खेळाडूला झालेला नाही, वहीला झालाय. संख्याशास्त्रात याला डावीकडून छाटलेला डेटा म्हणतात.

अमेरिकेत सॅचेल पेजचं असंच. मेजर लीगमधलं पदार्पण १९४८, वय ४२. त्याआधी वर्णभेदामुळे दार बंद होतं, निग्रो लीगमध्ये तो वर्षानुवर्षं गाजत होता. नुसती मेजर लीगची वही वाचणाऱ्या गेमला तो 'उशिरा उमललेला' वाटणार. वगळण्याचा अन्याय मॉडेलमध्ये गुपचूप निसर्गनियम होऊन बसतो, ते मला जास्त खटकतं.

त्यामुळे उताराच्या आकड्याला हात लावण्याआधी सुरुवातीची तारीख तपासा. कोऱ्या वर्षांत शून्य भरू नका, 'नोंद नाही' असंच लिहा. एकाच खेळाडूची लागोपाठची दोन वर्षं ताडून उतार काढणार असाल, तर जो घसरला त्याला पुढच्या वर्षी संघात घेतच नाहीत, हेही धरा. त्यामुळे उतार खऱ्यापेक्षा वेगळा दिसू शकतो. आणि देवधरांना आउटलायर म्हणून डिलीट करायच्या आधी सी. के. नायडू बघा: जन्म १८९५, शेवटचा रणजी हंगाम १९५६-५७.