बाप-लेकाने घरी बनवलेली गिटार

रौप्यमहोत्सवाच्या आधी बिल्डिंगचं रंगकाम निघालं आणि त्या निमित्ताने घराघरातलं जुनं सामान खाली आलं. गेटजवळ मोडकी टेबलं, कपाटांची दारं, गंजलेल्या सायकली भंगारवाल्याची वाट बघत पडल्या होत्या. स्मरणिका समितीने ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ असं सांगितलंच होतं. तो ढीग बघताना विषय सापडला. अशाच सामानातून एका बाप-लेकाने घरी एक गिटार बनवली, त्याचा हा इतिहास.

साल १९६३. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टम नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका छोट्या घरात हॅरॉल्ड मे, पत्नी रूथ आणि एकुलता एक मुलगा ब्रायन राहत होते. हॅरॉल्ड सरकारी हवाई खात्यात ड्राफ्ट्समन. इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार, आणि वस्तू विकत घेण्यापेक्षा घरी बनवायची हौस. सोळा वर्षांच्या ब्रायनला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. दुकानातल्या फेंडर, गिब्सन त्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. मग दोघांनी ठरवलं, आपणच बनवू. घरातल्या एका जादा खोलीचा वर्कशॉप झाला.

इलेक्ट्रिक गिटारचं तत्त्व तसं सोपं आहे. पोलादी तारांखाली लोहचुंबक असतो, त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. यालाच पिकअप म्हणतात. वरची तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते आणि अँप्लिफायर तिचा मोठा आवाज करतो. पण पोकळ गिटारला हे जोडलं की आवाज वाढवताच शिट्टी वाजू लागते. म्हणून अमेरिकेत लेस पॉल या वादकाने १९४०च्या सुमारास एक भरीव लाकडी ठोकळाच घेतला, त्यावर तारा आणि पिकअप बसवले, आणि तो गिटारसारखा दिसावा म्हणून दोन्ही बाजूंना साध्या गिटारचे अर्धे भाग जोडले. म्हणजे स्वतःच्या हाताने करून बघायची परंपरा आधीपासून होतीच.

मे बाप-लेकाने गिटारची दांडी केली ती ओळखीच्या घरातून निघालेल्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून. लाकूड शंभर वर्षांहून जुनं. किड्यांनी पाडलेली भोकं ब्रायनने काडेपेटीच्या काड्या घालून बुजवली. मधल्या भागाला जुन्या टेबलाचं ओक लाकूड, वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. दांडीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घासून बसवली.

सगळ्यात अवघड भाग ट्रेमोलोचा. एक दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल होतात आणि सूर खाली घसरतो. दांडा सोडला की सूर अचूक जागेवर यायला हवा. घर्षण कमी व्हावं म्हणून त्यांनी तो भाग सुरीच्या धारेवर टेकवला. तारांचा ताण तोलायला १९२८च्या पँथर मोटरसायकलच्या स्प्रिंगा. दांडा सायकलच्या पिशवीच्या स्टँडचा, आणि त्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं.

पिकअपही ब्रायनने आधी घरीच गुंडाळले. पण तार ओढून वाजवली की विचित्र आवाज यायचा. शेवटी बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणले आणि शिट्टी वाजू नये म्हणून त्यांत अरल्डाइट भरलं. हातच्या हत्यारांवर हे सगळं काम जवळजवळ दोन वर्षं चाललं.

याच काळात, १९६४ साली, झांझिबारमधल्या क्रांतीनंतर एक पारशी कुटुंब फेल्टममध्येच राहायला आलं. त्यांचा मुलगा फारुख बलसारा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथे शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. दोन्ही घरं जवळ, पण या मुलांची ओळख व्हायला काही वर्षं जावी लागली. १९७०मध्ये त्यांचा ‘क्वीन’ बँड सुरू झाला. फारुखला जग फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं.

पण घरात मात्र बिनसलं. ब्रायन इंपीरियल कॉलेजात खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होता, ती अर्धवट टाकून तो बँडमध्ये गेला. वडिलांना ते अजिबात पटलं नाही. ज्या गिटारसाठी त्यांनी दोन वर्षं दिली, तिनेच मुलगा शिक्षणातून ओढून नेला होता! पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरगच्च गर्दीसमोर मुलाला वाजवताना बघितलं, तेव्हा कुठे हॅरॉल्डना मुलाचं म्हणणं पटलं.

क्वीनच्या बहुतेक सगळ्या रेकॉर्डवर हीच गिटार आहे. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात, २००२ साली, ब्रायनने बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून राष्ट्रगीत वाजवलं ते हिच्यावरच. आणि २००७मध्ये, साठीला, त्याने ती अर्धवट राहिलेली पीएच.डी.ही पूर्ण केली. ते बघायला वडील नव्हते.

हे लिहिताना एक गोष्ट कबूल करतो. माझ्या मुलाची गिटार बारावीच्या वर्षी मीच माळ्यावर टाकली होती. ‘परीक्षा झाली की देतो’ म्हणालो, आणि ते राहूनच गेलं. तो आता बेंगळुरूला असतो. रंगकामाच्या वेळी माळा रिकामा केला तेव्हा ती खाली आली. तारा गंजल्यात, एक खुंटी तुटली आहे. भंगारात दिलेली नाही. दिवाळीला तो येईल तेव्हा दोघं मिळून बसवू म्हणतो. तेवढे दिवस खालच्या मजल्यावरच्यांनी ठोकाठोकी सांभाळून घ्यावी, ही विनंती.