शब्द-अभिज्ञान, उच्चारभेदातील

उच्चार बदललेला, चुकलेला वा अर्धवट ऐकू आलेला असूनही श्रोत्याने शब्द ओळखण्याची प्रक्रिया. मेळघाटातील धारणी (जि. अमरावती) येथे ती नित्याची आहे, कारण मुंडा कुळातील कोरकू, हिंदी आणि वऱ्हाडी येथे शेजारी नांदतात. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ व ‘ण’चा ‘न’ होतो : डोया, पानी. प्रमाण मराठीत ‘काया’ म्हणजे शरीर. पण ‘काया बैल’ म्हटले की रंगाविषयी शंका उरत नाही. याला अशुद्ध उच्चार म्हणणे चूक आहे. ती बोलीची नियमबद्ध व्यवस्था आहे.

शब्द पुरा होण्याआधीच मनात अनेक जुळते शब्द जागे होतात. पुढचे ध्वनी आणि संदर्भ त्यांतून निवड करतात. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित वाक्यातील एक ध्वनी काढून तेथे खोकला घातला. २० पैकी १९ श्रोत्यांना सगळे ध्वनी शाबूत वाटले. नॉरिस, मॅक्वीन व कटलर यांच्या २००३ मधील प्रयोगात संदिग्ध ध्वनी असलेले २० शब्द ऐकल्यावर डच श्रोत्यांची त्या ध्वनीची जाण बदलली. धारणीत नव्याने आलेल्या शिक्षकाला वा परिचारिकेलाही ‘ळ’–‘य’ हा नियम उमगला, की पूर्वी कधी न ऐकलेले शब्दही उलगडू लागतात.