बालआसन, मोटारीतील : दिशाबदल

मोटारीतील बालआसनाचे तोंड मागच्या काचेकडून समोरच्या काचेकडे केव्हा वळवावे, यासंबंधीचा निर्णय. नवजात बाळाचे आसन नेहमी गाडीच्या मागच्या बाजूस तोंड करून बसवतात. या स्थितीला पश्चमुखी आणि नंतरच्या स्थितीला अग्रमुखी असे येथे म्हटले आहे. पालकांच्या आणि दुकानदारांच्या बोलण्यात ‘रिअर फेसिंग’ व ‘फॉरवर्ड फेसिंग’ हे शब्द रूढ आहेत. आसन वळवले की मूल मोठे झाले, असे घरोघरी मानले जाते. सुरक्षिततेच्या हिशेबात मात्र या बदलाने मुलाचे संरक्षण कमी होते. म्हणून पश्चमुखी स्थितीसाठी त्या आसनावर छापलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत दिशा बदलू नये, असा आज तज्ज्ञांचा कौल आहे. नियमांत सांगितलेले वय ही केवळ किमान अट असते.

शारीरिक आधार : नवजात बाळाचे डोके शरीराच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते, प्रौढ माणसात हे प्रमाण एक सप्तमांश ते एक अष्टमांश इतके उतरते. एवढे जड डोके पेलणारी मान त्या मानाने कच्ची असते. मानेच्या मणक्यांचे भाग जन्मतः कूर्चेने जोडलेले असतात आणि ते हाडात एकजीव होण्याची क्रिया साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान पुरी होते. अस्थिबंध सैल असतात, मणक्यांमधल्या सांध्यांचे पृष्ठभाग बरेचसे आडवे असतात आणि मानेचे स्नायू दुबळे असतात. त्यामुळे जोराचा ताण बसल्यास पाठीचा कणा लांबतो. पण त्यातून जाणारा मज्जारज्जू तितका लांबू शकत नाही.

समोरून धडक बसली की गाडी थांबते, पण आतली माणसे आधीच्याच वेगाने पुढे जात राहतात. अग्रमुखी आसनात पट्टे मुलाचे खांदे व कंबर धरून ठेवतात. डोके मोकळे असल्याने पुढे फेकले जाते आणि त्याचा सगळा ओढा मानेवर येतो. पश्चमुखी आसनात मूल आसनाच्या पाठीत दाबले जाते. डोके, मान आणि पाठ एकाच वेळी, एकाच रेषेत थांबतात आणि धडकेचा जोर संपूर्ण पाठीवर पसरतो. मूल दीड वर्षाचे असो वा साडेतीन वर्षांचे, हे यांत्रिक तत्त्व सारखेच लागू पडते. वय वाढेल तशी मानेची ताकद हळूहळू वाढते, ती एका विशिष्ट दिवशी येत नाही.

उगम : पश्चमुखी आसनाची कल्पना स्वीडनमध्ये रुजली. योटेबोरी येथील चाल्मर्स तंत्रविद्यापीठाशी संबंधित बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती मांडली. अमेरिकेच्या जेमिनी अवकाशयानातील अंतराळवीर ज्या आसनांवर पाठ टेकून उड्डाणाचा जोर झेलत, त्यांवरून त्यांना ही दिशा सुचली. व्होल्वो कंपनीने १९६४ मध्ये अशा आसनाच्या नमुन्याची चाचणी घेतली आणि १९७२ मध्ये ते बाजारात आणले. स्वीडनमध्ये तेव्हापासून मुलांना किमान चार वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसवण्याची रीत पडली. तेथील ‘प्लस टेस्ट’ या ऐच्छिक चाचणीत मानेवर येणारा ताण मोजला जातो. तिच्या मर्यादेत अग्रमुखी आसने व्यवहारतः बसत नाहीत.

अमेरिकेत बालआसन सक्तीचे करणारा पहिला कायदा टेनेसी राज्यात १९७८ मध्ये अमलात आला. त्यामागे मर्फ्रीस्बरो येथील बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांचे प्रयत्न होते. १९८५ पर्यंत सर्व राज्यांनी असे कायदे केले. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार मोटारीत बालआसनाचा योग्य वापर केल्यास एक वर्षाखालील बालकांचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो.

वयाची अट आणि तिचा त्याग : दिशाबदलाची मार्गदर्शक सूत्रे अमेरिकन बालरोग अकादमीच्या भूमिकेबरोबर बदलत गेली. बाळ किमान एक वर्षाचे आणि २० पौंडांचे, म्हणजे सुमारे ९ किलोचे, झाल्याशिवाय आसन वळवू नये, असा पूर्वीचा सल्ला होता. बहुतेक पालकांच्या लक्षात त्यातला पहिला वाढदिवस तेवढा राहिला. २०११ मध्ये अकादमीने ही मर्यादा दोन वर्षांपर्यंत किंवा आसनाच्या कमाल वजन-उंचीपर्यंत वाढवली. २०१८ मध्ये दोन वर्षांचा उल्लेखही काढून टाकण्यात आला आणि आसनाची मर्यादा येईपर्यंत, शक्य तितका काळ, हेच सूत्र राहिले.

या शेवटच्या बदलाला एका शोधनिबंधाची पार्श्वभूमी आहे. ‘इन्जुरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात २००७ मध्ये आलेल्या अभ्यासाने दोन वर्षांखालील मुलांना अग्रमुखी आसनात गंभीर इजेचा धोका बराच जास्त असल्याचा निष्कर्ष काढला होता आणि २०११च्या सल्ल्याला त्याचा मोठा आधार होता. पुढे त्यातील सांख्यिकी पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. नमुन्याचे भारांक चुकीच्या रीतीने हाताळल्याचे दिसले. फेरविश्लेषणात पश्चमुखी आसनाकडे झुकणारा कल कायम राहिला, पण गंभीर जखमी मुलांची संख्या इतकी थोडी होती की ठाम अनुमान निघेना. मूळ निबंध मागे घेण्यात आला. पश्चमुखी आसनाचा पुरस्कार त्यामुळे ढळला नाही. तो शरीररचना, प्रयोगशाळेतील धडक-चाचण्या आणि स्वीडनचा दीर्घ अनुभव यांवर उभा आहे. मात्र ‘दोन वर्षे पूर्ण’ या रेषेला वेगळा शास्त्रीय आधार उरला नाही.

निर्णयाचे निकष : आसनाच्या बाजूला किंवा पाठीमागे चिकटवलेली पट्टी आणि त्याची माहितीपुस्तिका हे पहिले प्रमाण होय. वजन किंवा उंची यांपैकी जी मर्यादा आधी येईल ती अंतिम मानतात. मुलाची बैठी उंची जास्त असेल तर वजन बाकी असतानाही डोके आधी कडेला पोचते. अमेरिकी आसनांत बहुधा डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या कडेपासून २.५ सेंटिमीटर खाली असावा लागतो. इतरत्र उत्पादकाची खूण पाहावी. पश्चमुखी स्थितीत खांद्यांचे पट्टे मुलाच्या खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत.

मर्यादा कधी येईल हे मुलाइतकेच आसनावर अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमानकांनुसार मध्यम वाढीचा मुलगा नऊ महिन्यांच्या आसपास आणि मुलगी वर्षाच्या सुमारास ९ किलोला पोचते. १३ किलो वजन दोघांनाही साधारण अडीच वर्षांच्या आसपास आणि १८ किलो पाच वर्षांच्या सुमारास येते. म्हणजे १३ किलोपर्यंतचे, हँडल असलेले टोपलीवजा आसन लवकर संपते. पश्चमुखी स्थितीत १८ किलो किंवा त्याहून अधिक वजन पेलणारे, दोन्ही दिशांना बसणारे आसन घेतले तर तोच निर्णय वर्षा-दोन वर्षांनी लांबतो. टोपलीवजा आसन अपुरे पडले म्हणून लगेच अग्रमुखी व्हावे असे नाही. मोठ्या पश्चमुखी आसनात जाणे ही मधली पायरी आहे. दिशाबदलाचा निर्णय अशा रीतीने बव्हंशी आसन विकत घेतानाच होऊन जातो.

अकाली जन्मलेली, स्नायू शिथिल असलेली किंवा प्लास्टर घातलेली मुले यांच्याबाबत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक असते.

देशोदेशींचे नियम : युरोपातील जुन्या आर-४४ नियमात आसनांचे गट वजनावर आधारलेले होते. त्यात ९ किलोपासून अग्रमुखी स्थितीला मुभा होती, त्यामुळे कित्येक बाळे वर्षाच्या आतच पुढे वळवली जात. २०१३ पासून लागू झालेल्या आर-१२९ नियमाने, म्हणजेच ‘आय-साइझ’ने, उंचीला प्रमाण मानले, बाजूच्या धडकेची चाचणी आणली आणि १५ महिन्यांपर्यंत पश्चमुखी स्थिती सक्तीची केली. ब्रिटन व युरोपातील मराठी कुटुंबांना नव्या आसनांवर ही खूण दिसते.

अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. मराठी वस्ती मोठ्या प्रमाणावर असलेल्या न्यू जर्सीत २०१५ पासून दोन वर्षांखालील आणि ३० पौंडांहून कमी वजनाचे मूल पश्चमुखी ठेवावे लागते. कॅलिफोर्नियात २०१७ पासून दोन वर्षांखालील मुलांना हीच सक्ती आहे. ४० पौंड वजन किंवा ४० इंच उंची गाठलेले मूल त्यातून वगळले आहे.

भारत : मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९४-ब हे कलम आले. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्टा किंवा बालआसन यांनी न बांधता गाडी चालवल्यास एक हजार रुपये दंड आहे. आसनाच्या दिशेबद्दल हे कलम काही सांगत नाही. बालआसनांचे भारतीय मानक एआयएस-०७२ असून त्याची घडण आर-४४शी मिळतीजुळती आहे. त्यामुळे येथेही ९ किलोचा आकडा दुकानात ऐकू येतो. तो किमान आकडा आहे, वळवण्याची वेळ नव्हे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचण्यांत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे बालआसनात बसवून गाडीला बालसुरक्षेचे गुण दिले जातात.

महाराष्ट्रात दिशेचा प्रश्न बहुधा नंतर येतो. आधी मूल आसनात बसवायचे की आजीच्या मांडीवर, हेच ठरायचे असते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सरासरी सुमारे १४० किलो वजनाइतका जोर लागतो. कोणाच्याही हातांत तो नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा वेग याच्या दुप्पट असू शकतो.

अमेरिकेहून परतताना सोबत आणलेल्या आसनांची अडचण वेगळी असते. तेथील गाड्यांच्या मागच्या आसनांचे पट्टे पूर्ण ओढले की एकदिशीय कुलूपबंद होतात. भारतातील बहुतेक गाड्यांचे पट्टे केवळ झटका बसल्यावर अडकतात. आसनात पट्टा आवळून धरणारी स्वतंत्र पकड नसेल तर ते सैल राहते.

नेहमीच्या शंका : मुलाचे पाय मागच्या आसनाला लागतात किंवा दुमडतात, ही सर्वांत नेहमीची तक्रार. मुले मांडी घालून किंवा पाय वर टाकून बसतात. पश्चमुखी मुलांत पायांच्या गंभीर इजा विरळ आढळतात आणि पाय लागणे हे आसन लहान पडल्याचे लक्षण नाही. मागून धडक बसली तर काय, ही दुसरी शंका. अशा धडकांत वेगातील फरक बहुधा कमी असतो आणि प्राणघातक इजा मुख्यतः समोरच्या व बाजूच्या धडकांत होतात. मूल रडते किंवा त्याला गाडी लागते म्हणून आसन वळवले जाते. प्रवासाआधी हलके खाणे, मधून थांबणे आणि बाळ मोठे झाल्यावर पुस्तिकेने परवानगी दिलेला अधिक सरळ कोन देणे हे त्यावरचे उपाय आहेत. नवजात बाळाला मात्र पुरेसे कलते ठेवावे लागते. हनुवटी छातीवर टेकली तर श्वासमार्ग अडतो.

एक नियम अपवादाविना पाळतात. समोरच्या प्रवाशाची एअरबॅग चालू असेल तर पश्चमुखी आसन तेथे कधीही ठेवू नये. फुगणारी बॅग आसनाच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच, आदळते. १९९०च्या दशकात अमेरिकेत अशा रीतीने बालके दगावली होती.

आसन वळवताना : मर्यादा संपल्यावर दिशा बदलली की जोडणीही बदलते. गाडीचा पट्टा आसनाच्या वेगळ्या मार्गातून ओवावा लागतो आणि खांद्यांचे पट्टे आता मुलाच्या खांद्यांच्या पातळीवर किंवा त्यांच्या वरून निघाले पाहिजेत. आसनाला वरचा टेथर पट्टा दिलेला असेल तर तो गाडीतील नेमलेल्या कडीला अडकवावा. त्यामुळे डोक्याची पुढे जाण्याची मजल कमी होते. पट्ट्याच्या मार्गाजवळ धरून हलवल्यास आसन अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकू नये आणि खांद्यावरच्या पट्ट्याची चिमूट धरता येऊ नये. अग्रमुखी आसनाची मर्यादा भरेपर्यंत मुलाला याच पट्ट्यांत ठेवतात. त्यानंतर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, येतो आणि गाडीचा पट्टा खांद्यावर व मांड्यांवर नीट बसू लागला की बूस्टर सुटतो. घाईने वळवलेले मूल पश्चमुखी मर्यादेत बसत असेल, तर त्याला पुन्हा मागे वळवण्यास कोणतीही तांत्रिक हरकत नाही.