सुट्टीतला कराटे वर्ग आणि ओकिनावाची शाळा (थ्रेड)

१/ वार्षिक परीक्षा संपल्या की महाराष्ट्रातील शहरांत शाळांची मैदाने आणि सोसायट्यांची आवारे पांढऱ्या गणवेशातील मुलांनी भरून जातात. ‘इच, नी, सान, शी’ या जपानी आकड्यांवर साऱ्या रांगेचा ठोसा एकदम सुटतो. ही एखाद्या प्राचीन युद्धविद्येची मुलांसाठी केलेली सोपी आवृत्ती असावी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात रांगेत उभे राहून शिकायचे हे कराटे घडले तेच मुळी शाळकरी मुलांसाठी.

२/ जपान आणि तैवान यांच्या दरम्यान पसरलेल्या बेटांवर एकेकाळी र्‍युक्यूचे स्वतंत्र राज्य होते. चीनशी त्याचा जुना व्यापार होता. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा घराण्याने ते जिंकले, तरी राजा गादीवर राहिला. स्थानिक युद्धकौशल्य आणि चिनी मुष्टियुद्ध यांच्या मिलाफातून येथे ‘तोदे’, म्हणजे ‘चिनी हात’, ही विद्या आकाराला आली.

३/ तोदे शिकवण्याची रीत खासगी होती. गुरूच्या घरचे अंगण, मोजके शिष्य आणि पुष्कळदा रात्रीची वेळ. एकच ‘काता’, म्हणजे हालचालींची ठरलेली मालिका, शिष्य दीर्घकाळ घोटत असे. रांगा, रंगीत पट्टे, परीक्षा यांपैकी काहीही नव्हते.

४/ १८७९ मध्ये मेइजी सरकारने र्‍युक्यूचे राज्य खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत केला. राजदरबार संपला आणि त्यावर जगणारा वर्ग उघड्यावर पडला. नव्या शाळांतून मुलांना जपानी भाषा आणि सम्राटनिष्ठा शिकवली जाऊ लागली. १८९८ मध्ये सक्तीची लष्करभरतीही ओकिनावात लागू झाली. आता शाळेतील प्रत्येक मुलगा हा उद्याचा संभाव्य सैनिक होता.

५/ अशा काळात इतोसु आंको (१८३१–१९१५) पुढे आले. मात्सुमुरा सोकोन यांचे हे शिष्य जुन्या दरबारात लेखनिक होते. १९०१ मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यांच्या प्रयत्नाने शुरी येथील प्राथमिक शाळेत ही विद्या शिकवली जाऊ लागली. १९०५ पासून ती प्रांताची पहिली माध्यमिक शाळा आणि शिक्षक प्रशिक्षण शाळा येथेही पोहोचली. अंगणातील गुप्त विद्येला वेळापत्रकात जागा मिळाली.

६/ वर्गभर मुलांना एकाच वेळी शिकवायचे, तर पद्धत बदलणे भाग होते. इतोसु यांनी पाच तुलनेने आटोपशीर काता रचल्या आणि त्यांना नाव दिले ‘पिनान’. ज्या दोन अक्षरांनी हे नाव लिहितात, त्यांचा अर्थ शांतता, स्वस्थता. शिक्षकाच्या आकड्यांवर साऱ्या वर्गाने एकाच वेळी हालचाल करायची, ही शाळेतील कवायतीची शिस्त कराटेच्या अंगी मुरली.

७/ १९०८ मध्ये इतोसु यांनी दहा सूचनांचे एक पत्र लिहिले. त्यातील एक सूचना अशी, की हल्लेखोराशी गाठ पडली तरी हातापायांनी इजा करणे शक्यतो टाळावे. दुसरी सूचना सांगते, की ही विद्या लहानपणापासून दिली तर पुढे लष्कराला तिचा मोठा उपयोग होईल. तिच्या समर्थनार्थ त्यांनी नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनच्या नावावर सांगितली जाणारी, विजयाचे श्रेय शाळेच्या मैदानाला देणारी उक्तीही वापरली. संयम आणि सैन्य, दोन्ही एकाच कागदावर!

८/ इतोसु यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन पेशाने शाळामास्तर. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. पिनानचे त्यांनी ‘हेइआन’ केले. अक्षरे तीच, उच्चार जपानी. गणवेश आणि काळा पट्टा कानो जिगोरो यांच्या ज्यूदोकडून आला. १९३६ मध्ये नाहा येथे जमलेल्या ओकिनावी गुरूंनी ‘चिनी हात’ऐवजी ‘रिकामा हात’ या अर्थाचे लेखन मान्य केले. चीनशी वैर वाढत असताना जुने नाव अडचणीचे झाले होते.

९/ १९४५ च्या वसंतात अमेरिकी सैन्य ओकिनावावर उतरले. जपानी लष्कराने माध्यमिक व प्रशिक्षण शाळांतील चौदा वर्षांपासूनच्या मुलांची ‘तेक्केत्सु किन्नोताई’, म्हणजे ‘पोलाद आणि रक्त’ सम्राटसेवा पथके उभारली. इतोसु यांनी जेथे कराटे नेले, ती पहिली माध्यमिक शाळा आणि ती प्रशिक्षण शाळाही त्यांत होती. भरती झालेल्यांपैकी जवळपास निम्मी मुले परतली नाहीत.

१०/ या मृत्यूंचे खापर कराटेवर फोडता येत नाही. त्यांना रणांगणावर नेले ते राज्यसत्तेने. परंतु शाळेत शिरण्यासाठी या विद्येने ‘मुलगा म्हणजे उद्याचा सैनिक’ हा सत्तेचा हिशेब मान्य केला होता, हेही विसरता येत नाही. तो हिशेब मांडणारे साम्राज्य १९४५ मध्ये कोसळले. मुलांसाठी रचलेल्या पाच काता मात्र टिकल्या.

११/ सुट्टीतल्या अनेक वर्गांत मुले सर्वप्रथम शिकतात ती काता ‘हेइआन शोदान’. तिची पहिली हालचाल ठोशाची नाही. डावीकडे वळून, हात खाली झटकून समोरून येणारा वार अडवण्याची आहे. पाचही हेइआनांची सुरुवात अशाच बचावाने होते. १९०८ च्या त्या पत्रातील कोणती सूचना मुलांपर्यंत पोहोचवायची, हे आता मैदानावर आकडे म्हणणाऱ्या शिक्षकाच्या हाती आहे.