फेनिटॉइनची रक्तपातळी (मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया)

मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेच्या काळात अपस्माराचे झटके रोखण्यासाठी फेनिटॉइन हे औषध दिल्यास त्याचे रक्तातील प्रमाण मोजले जाते. प्रौढांमध्ये एकूण पातळी सामान्यतः दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम राखली जाते. यकृताची हे औषध विघटित करण्याची क्षमता मर्यादित असल्याने मात्रा थोडी वाढवली तरी पातळी एकदम चढू शकते.

सुमारे ९० टक्के फेनिटॉइन रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाशी बद्ध असते. परिणाम करतो तो उरलेला मुक्त भाग. अल्ब्युमिन घटल्यास एकूण पातळी कमी दिसूनही मुक्त औषध पुरेसे असू शकते. अशा वेळी मात्रा वाढवल्यास विषबाधेचा धोका संभवतो. म्हणून मुक्त पातळी मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. तोल जाणे, गुंगी ही विषबाधेची लक्षणे शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीसारखी भासतात. हा फरक ओळखण्यास रक्ततपासणीची मदत होते.