लाइन आली, वायफाय आलं, तरी नेट चालत नाही? घरचा डीएनएस सर्व्हर असा तपासा

जाहिराती बंद करायला घरी पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम बसवलंय? मग तुमच्या घरातला प्रत्येक फोन साइट उघडण्याआधी त्या छोट्या डबीला तिचा पत्ता विचारतो. डबी गप्प बसली, की वायफायची कांडी फुल असूनही काहीच उघडत नाही. यवतमाळ, पुसद, वणीकडे उन्हाळ्यात लाइन जाणं नवं नाही, आणि बऱ्याचदा गडबड होते ती लाइन परत आल्यावरच.

आधी नेट सुरू करा, मग कारण शोधा

कुणाच्या फॉर्मची शेवटची तारीख असेल, तर दुरुस्ती नंतर. राउटरच्या पानावर जाऊन डीएनएस पुन्हा 'ऑटोमॅटिक' करा आणि प्रत्येक फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करा. घर चालू होईल, फक्त जाहिराती परत दिसतील.

१. दोष नक्की डीएनएसचा आहे का?

मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन गुपचूप त्याच्यावर जातो. मग एका फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी 'स्टॅटिक' करा, पत्ता आणि गेटवे आधीचेच ठेवा, डीएनएसमध्ये ८.८.८.८ टाका. नेट आलं तर दोष घरच्या सर्व्हरकडे. नाही आलं तर राउटर किंवा फायबरची लाइन बघा. तपासून झालं की सेटिंग पूर्ववत करा.

२. एकाच फोनवर अडचण आहे?

मग सर्व्हरला हात लावू नका. अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय आहे. तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव भरलेलं असेल, तर फोन घरच्या सर्व्हरला विचारतच नाही. ते 'ऑटोमॅटिक' करा. क्रोममधला 'सिक्युअर डीएनएस' आणि चालू असलेला व्हीपीएनही बघा.

३. सर्व्हरचं पान उघडतं का?

ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. पान उघडत नसेल तर दोन शक्यता जास्त. एक, राउटर पुन्हा सुरू झाल्यावर डबीला वेगळा आयपी मिळाला. राउटरच्या यादीत तिचा नवा पत्ता शोधा आणि डीएचसीपी रिझर्व्हेशन करून तो कायमचा बांधून टाका. दोन, अचानक लाइन गेल्याने मेमरी कार्ड खराब झालं. सेटिंगचा बॅकअप दुसरीकडे ठेवलेला असेल तर नवं कार्ड टाकून काम भागतं.

४. पान उघडतं, पण साइट उघडत नाहीत?

सर्व्हरची तारीख आणि वेळ बघा. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइन बराच वेळ गेली, तर परत सुरू झाल्यावर त्याचं घड्याळ मागेच राहतं. डीएनएससेक चालू असेल तर प्रत्येक उत्तराच्या सहीची मुदत तपासली जाते, आणि चुकीच्या वेळेमुळे खरी सहीसुद्धा नाकारली जाते. बरं, वेळ आणायची तर टाइम सर्व्हरचं नाव लागतं, आणि नाव शोधायला डीएनएस! अशा वेळी घड्याळ हाताने लावा. कायमचा उपाय म्हणजे घड्याळाचं मॉड्यूल, किंवा डबीला स्वतःपुरता बाहेरचा डीएनएस देणं.

वेळ बरोबर असेल तर 'अपस्ट्रीम' बदलून १.१.१.१ किंवा ९.९.९.९ करून बघा.

५. एखादंच अ‍ॅप अडकतंय?

ब्लॉकिंग पाच मिनिटं थांबवा. अ‍ॅप चाललं, तर 'क्वेरी लॉग'मध्ये त्या वेळी अडवलेलं नाव शोधा आणि फक्त तेवढ्यालाच परवानगी द्या. पूर्ण यादी काढायची गरज नाही.

६. जाहिराती मधूनच दिसतात?

राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ टाकलाय का? तो फक्त अडीअडचणीला वापरला जातो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण फोन दोघांपैकी कुणालाही विचारू शकतो. राउटर आयपीव्ही६ वरून वेगळा डीएनएस देत असेल तरी हेच होतं.

हे मात्र करू नका

बाहेरून वापरता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट ५३ उघडू नका. असे उघडे सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ला करायला वापरले जातात.

शिक्षणासाठी बाहेर जाताय?

तुम्ही नागपूर-अमरावतीला होस्टेलवर, आणि इकडे घरचं नेट बंद. आईबाबा काय करणार? राउटरचा पत्ता, 'डीएनएस ऑटोमॅटिक करा' ही पायरी आणि डबीचा आयपी मराठीत कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवा. पासवर्ड घरातल्या एकाला सांगून ठेवा. मिनी यूपीएस घेणार असाल तर १२ व्होल्टसोबत ५ व्होल्टचं आउटपुट आहे ना, आणि ते तुमच्या डबीला पुरेसा करंट देतं ना, ते बघा. राउटर आणि डबी दोन्ही त्यावर चालले, तर यातल्या निम्म्या अडचणी येणारच नाहीत. निघण्याआधी एकदा मुद्दाम डबीची पिन काढा आणि कागद वाचून घरच्यांना नेट सुरू करता येतं का, ते बघा.